कॉफी नको, हिला धर

लंडनमध्ये थंडी पडली की रस्त्यावर बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच गोष्ट आणून देतो, कॉफी. हॅरोला आमच्या स्टेशनजवळ एका बंद पडलेल्या दुकानाच्या दारात पन्नाशीचा एक माणूस बसतो, त्या सकाळी त्याच्यासमोर ओळीने तीन कप होते आणि मी काय आणू विचारलं तर म्हणाला, काही नको, पाच मिनिटं हिला धरशील का, मला बाथरूमला जायचंय.

हिला म्हणजे कुत्रीला. तपकिरी, रुंद छातीची, स्टॅफी जातीची, अंगात चक्क पॅडवाला कोट, आणि मालकाच्या अंगात पातळ जॅकेट! आता मी सांगलीची, रात्री गाडीमागे लागणारी कुत्री बघत वाढलेली, त्यामुळे पट्टा हातात घेतला तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल बघा. पण ती बाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो गेला त्या दिशेला मान करून बसली ती तो येईपर्यंत.

मग येता-जाता बोलणं व्हायला लागलं. त्याचं गणित असं आहे की बहुतेक ठिकाणी आत कुत्रं चालत नाही, आणि बाहेर बांधून ठेवायची त्याची तयारी नाही कारण इथे कुत्री चोरीला जातात. इतकी, की 2024 मध्ये कुत्री-मांजरं पळवण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे बाथरूम नाही, केमिस्ट नाही, जॉब सेंटर (नोकरी-भत्त्याचं सरकारी ऑफिस) नाही, सगळं अडलंय ते एका पट्ट्यापाशी.

रात्री पारा शून्यावर जाणार असा अंदाज आला की लंडनच्या कौन्सिल्स, म्हणजे इथल्या नगरपालिका, रस्त्यावरच्या लोकांसाठी तातडीने निवाऱ्याची सोय करतात. जानेवारीत एकदा त्यालाही बेड मिळत होता, पण तिथे कुत्री घेत नव्हते. तो गेला नाही. दाराच्या आत पुठ्ठे टाकून बसला, आणि स्लीपिंग बॅगेत आधी ती, मग तो. काही हॉस्टेल्स हल्ली कुत्र्यांना घेतात, पण त्या रात्री नेमकी त्यातली जागा मिळायला हवी ना.

त्याला बरेच दिवस खोकला होता, चांगला छातीत भरलेला. मी म्हटलं डॉक्टरकडे जा की, फुकट आहे, इंग्लंडमध्ये जीपीकडे (म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव घालायला पत्त्याचा पुरावासुद्धा लागत नाही. तर म्हणाला, मला अ‍ॅडमिट करून घेतलं तर? हिला कोण बघणार? आधी मला हे जरा फिल्मी वाटलं, पण घरी येऊन वाचलं तर त्याची भीती अगदी कायदेशीर निघाली. मालकाविना सापडलेलं कुत्रं कौन्सिल ताब्यात घेतं, सात दिवस ठेवतं, तोवर कुणी सोडवायला आलं नाही तर दुसऱ्याला देऊ शकतं, अगदी मारूनही टाकू शकतं, 1990 च्या कायद्यात तसं आहे. न्यूमोनिया झालेला माणूस सात दिवसांत बाहेर येईलच असं नाही.

गंमत म्हणजे कुत्रीचं सगळं व्यवस्थित आहे. लसी झाल्यात, चिप आहे (2016 पासून इथे कुत्र्याला चिप लावणं सक्तीचं आहे, मालकाला पत्ता नाही पण कुत्रीला नंबर आहे). तिला तपासतात ते स्ट्रीटव्हेटवाले. दोन व्हेट्सनी (जनावरांच्या डॉक्टरांनी) 2016 मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली संस्था, व्हॉलंटियर डॉक्टर पाठीवर सॅक घेऊन रस्त्यावर येतात आणि बेघर लोकांच्या प्राण्यांना फुकट औषधपाणी करतात. माणसांच्या डॉक्टरला तो चुकवतो पण यांची वेळ कधी चुकवत नाही. तसं हे या शहराला नवीन नाही म्हणा, मारिया डिकिन नावाच्या बाईंनी 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, व्हाइटचॅपलच्या एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला होता, पीडीएसए म्हणून ती संस्था अजून चालू आहे.

आमच्या मराठी ग्रुपवर मी हे लिहिलं तर लगेच एक जण, स्वतःला खायला नाही आणि कुत्रं कशाला पाळायचं? मला हा प्रश्न मुळातच उलटा वाटतो. हा माणूस घर गेल्यावर कुत्रं आणायला गेला नव्हता, घर होतं तेव्हापासूनची ती त्याची आहे, नऊ वर्षांची. लग्न मोडलं, भाडं थकलं, एकेक करत सगळं गेलं, ही राहिली. आता बेडसाठी हिलाही सोड म्हणायचं? मी तरी म्हणणार नाही. आणि तिच्यामुळेच तो सकाळी उठतो, चालतो, दारू प्यायचं टाळतो (शुद्ध हरपली तर तिला कोण नेईल ही भीती), हे तो स्वतःच सांगतो.

खोकल्याचं शेवटी जमलं. जीपीकडे मी सोबत गेले आणि बाहेर फुटपाथवर पट्टा धरून उभी राहिले, पाऊस होता, तिचा कोट वॉटरप्रूफ, माझा नव्हता. अँटिबायोटिक मिळाल्या. आता दाढ दुखतेय म्हणतो, मंगळवारी अकराची अपॉइंटमेंट आहे आणि दाढ काढायची म्हणजे वेळ लागणार, त्यामुळे मॅनेजरला वर्क फ्रॉम होमचं कारण काय सांगायचं ते अजून ठरायचंय.