जातं म्हणजे गोंगाट नव्हे

माझ्याजवळ एक शंभर पानी वही आहे. समोरून उघडली की तिच्यात दवाखान्याची टिपणं आहेत, मागून उलटी धरली की माझं स्वप्न सुरू होतं. एक रेकॉर्डर, माइकची जोडी, एक हेडफोन, दोन स्टँड, वारा अडवायच्या दोन केसाळ टोप्या. प्रत्येक नावापुढे भाव आणि भावापुढे तारीख. महिन्याच्या पहिल्या रविवारी, जेवणं आटोपली की मी सगळे भाव नव्याने लिहिते आणि खाली बेरीज मांडते. परवाची बेरीज ८३,४०० रुपये. मला हातात २६ हजार पगार मिळतो, त्यातले बारा मी घरी देते.

नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे कान तपासते. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर ऐकवायचा, ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. त्या खोलीचं जाड दार लावलं की धंतोलीतले सगळे हॉर्न बाहेर राहतात. रोज सात-आठ तास मी आवाजाच्या बारीक कडेवर बसलेली असते, जिथे आवाज आहे की नाही हेच ठरवायचं असतं. त्यामुळे असेल, मला दागिन्यांची, गाडीची ओढ कधी लागली नाही. मला हवी आहे ती आवाज जसाच्या तसा धरून ठेवणारी मशीन.

कारण मोठी आई. म्हणजे माझ्या बाबांची आई, वय ७९. काटोलजवळ आमचं गाव, चार एकरांत संत्र्याची बाग आणि धुऱ्याकडे तूर. पीठ केव्हाचं चक्कीवर जातं, पण तुरीची डाळ मोठी आई अजून घरच्या जात्यावर भरडते. चक्कीची डाळ तिला शिजल्यावर 'बेचव लागते'. पहाटे चार-साडेचारला उठते, जात्याखाली लुगडं अंथरते, खुंटा ठोकून बसवते आणि सुरू करते. पहिले पाच-सात फेरे नुसतेच. मग कधीतरी, तिलाही न कळता, ओवी येते.

दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनात, मी पहिल्यांदा तिची ओवी फोनवर रेकॉर्ड केली. बाहेरच्या खोलीत खाट, आत जातं, मधे उंबरठा. उंबरठ्यावर फोन ठेवला आणि अंधारात बसून राहिले. चौदा ओव्या झाल्या. त्यातली एक माझ्या आत्याच्या पहिल्या बाळंतपणाची होती, ती मी आयुष्यात ऐकली नव्हती. नागपूरला परत येताना एसटीत इयरफोन लावून ऐकायला घेतलं, तर मोठी आईचा आवाज होता आणि जातं नव्हतं. म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन सेकंद घरघर होती, मग ती विरत गेली, आणि पुढे मोठी आई एखाद्या रिकाम्या डब्यात बसून गात असल्यासारखी वाटत होती. ओवीच्या शेवटी तिने श्वास घेतला की त्या फटीतून जातं क्षणभर वर यायचं, आणि पुन्हा बुडायचं.

असं का झालं हे मला एसटीतच कळलं, कारण हेच काम मी रोज करते. फोन काय आणि कानाची मशीन काय, आवाज साफ करण्याचा दोघांचा नियम सारखाच. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट समजायचा आणि दाबायचा. जो वरखाली होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, ते बोलणं समजायचं आणि वर उचलायचं. पंखा, कूलर, गाडीचं इंजिन यांच्यासाठी हा नियम अगदी बरोबर आहे. नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर बसून फोनवर बोलता येतं ते याच नियमामुळे. पण जात्याची घरघर त्याच नियमात सापडते आणि मारली जाते.

आणि जातं गेलं की ओवी उरत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी बसून ऐकलं आहे. जात्यात मूठभर तूर टाकली की आवाज जड होतो, दाणे संपत आले की कोरडा होतो, आणि त्या कोरड्या आवाजावर मोठी आई ओळ संपवते. मूठ टाकते. पुन्हा आवाज जड, पुन्हा पुढची ओळ. तिचा ताल तिच्या गळ्यात नाही, त्या दगडात आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्या एक लाखावर आहेत, आणि त्या आता इंटरनेटवर वाचता-ऐकता येतात. दवाखान्यात दुपारी पेशंट नसले की मी ऐकते. ऐकताना प्रत्येक वेळी काटोलचा उंबरठा आठवतो.

तर, ती मशीन. माझ्या वहीत पहिल्या ओळीवर झूम कंपनीचा एफ३ आहे. हाताच्या तळव्यात मावतो, दोन पेन्सिल सेलवर चालतो, दोन माइक जोडायला दोन एक्सएलआर तोंडं. त्यात आवाजाची पातळी ठरवायचं बटणच नाही. ३२ बिट फ्लोट नावाच्या पद्धतीने तो अगदी बारीक आणि अगदी मोठा आवाज एकाच वेळी टिपतो, पातळी मागाहून घरी बसून लावायची. साध्या सोळा बिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. बत्तीस बिट फ्लोटला मर्यादा अशी व्यवहारात जाणवतच नाही.

याचं मोल मला मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी कळलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे जे काही उसळतं, ते नागपूरकराला सांगायला नको. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून, आणि दोघी समोरासमोर आल्या की 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी अख्ख्या गल्लीच्या छातीतून निघते. ती आरोळीही मी फोनवर घेतली होती. घरी ऐकली तर ढोल वाजला की सगळंच फाटत होतं. उंबरठ्यावर बारीक आवाज मेला, मारबतीत मोठा आवाज फाटला.

पण रेकॉर्डर म्हणजे अर्धीच गोष्ट. एफ३ला स्वतःचा माइक नाही, आणि माइकचं जग वेगळंच महाग आहे. प्रत्येक माइकचा स्वतःचा एक सूक्ष्म सूं असा आवाज असतो. सेनहायझरच्या एमकेएच ८०४० चा तो १३ डेसिबल. शिवाय त्या मालिकेतल्या माइकची रचनाच अशी की हवेतल्या ओलाव्याने ते बिघडत नाहीत. आमच्याकडच्या श्रावणात हे किती मोलाचं आहे! त्याची जोडी दोन लाखांच्या वर जाते. ती मी वहीत लिहिलेली नाही, ती माझ्या मनातच आहे. वहीत रोड एनटी५ची जोडी आहे, १६ डेसिबलवाली. आणि सोनीचा एमडीआर-७५०६ हेडफोन, जो १९९१पासून स्टुडिओत वापरला जातो. तो एकदा बर्डीच्या एका दुकानात कानाला लावून पाहिला. दुकानातल्या दादांनी एक सनईचा तुकडा लावला. सनई वाजवणाऱ्याने श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला आणि व्हरायटी चौकापर्यंत चालत गेले, तोवर तो श्वास कानातच होता.

इतकं महाग कशाला, दहा-बारा हजारांतही रेकॉर्डर मिळतो, असं मला बाबाही म्हणाले. मिळतो, आणि चांगला मिळतो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका ओळखीच्या दादांकडून मी तसा एक रविवारपुरता मागून नेला होता. जातं त्यात आलं, हे खरं. पण मोठी आई ओळीच्या शेवटी आवाज इतका खाली आणते की तिथे त्या छोट्या माइकचा स्वतःचाच सूं तिच्यावर चढत होता. आणि ओवी तरी कुठे नीट मिळाली! शनिवारी रात्री पोहोचले, रविवारी पहाटे मोठी आईने माझ्यासाठी म्हणून जातं मांडलं, आणि दहा मिनिटं नुसतीच फिरवत बसली.

"मोठे आई, म्हण ना वं."

"येऊन नाही राहिली. आता काय ओढून आणू?"

एक कशीबशी म्हटली, तीही अर्धी. सोमवारी सकाळी मला रेकॉर्डर परत द्यायचा होता. बुधवारी बाबांचा फोन आला, आज पहाटे तिने तासभर ओव्या म्हटल्या, शेजारची काकू ऐकायला येऊन बसली होती.

तेव्हापासून मला भाड्याने आणायचं सुचवू नका, असं मी सगळ्यांना सांगते. मागून आणलेल्या वस्तूला तारीख असते आणि ओवीला नसते. ती मशीन काटोलला, तिच्या खोलीत, खुंटीला टांगलेली पाहिजे. दोन सेल घालून. बाबांना एक बटण दाबता आलं पाहिजे, बस.

गेल्या संक्रांतीला माझ्याकडे ४१ हजार झाले होते. अर्ध्या वाटेवर आले होते मी. त्याच आठवड्यात मोठी आईला नागपूरला आणलं आणि आमच्याच दवाखान्यात तिचे कान तपासले. बंद खोलीत ती खुर्चीवर पदर सावरून बसली, काचेतून माझ्याकडे बघत. २५० हर्ट्झला तिने बटण दाबलं, ५००ला दाबलं, १०००ला जरा उशिरा. ४०००ला मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं मी अजून सुरूच केलं नाही. स, श, फ ही अक्षरं तिथे वर असतात. म्हणजे गेली कित्येक वर्षं घरातली माणसं काय बोलतात ते ती निम्मं अंदाजानेच समजून घेत होती.

मी तिच्यासाठी कानाची मशीन घेतली. स्टाफला मिळणाऱ्या भावात एका कानाचे ३८ हजार पडले. याबद्दल मला क्षणभरही वाईट वाटलं नाही, पण त्या रात्री वही उघडली नाही.

मशीन लावून ती गावी गेली आणि आठच दिवसांत फोन.

"हे मशीन काढून ठेवलं मी. जातंच ऐकू नाही येत मले याच्यानं."

मी कंप्युटरपुढे बसूनच राहिले. मीच तिच्या कानात तो नियम भरला होता. एकसारखा आवाज गोंगाट समज, दाब. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन काटोलला गेले आणि तिच्या मशीनमध्ये दुसरा प्रोग्रॅम तयार केला. गोंगाट दाबणं पूर्ण बंद, खालचे सूर थोडे मोकळे. बटण एकदा दाबलं की माणसं, दोनदा दाबलं की जातं. आमच्या कामात संगीत ऐकणाऱ्यांसाठी असा वेगळा प्रोग्रॅम करून देतात. मी तो दगडासाठी केला. तिने दोनदा बटण दाबलं, खुंटा धरला, एक फेरा फिरवला आणि थांबली.

"बापा! दगड गुळगुळीत झाला की वं हा."

आवाजावरून तिला ते कळलं. जात्याला टाकी लागायला हवी होती. बारक्या छिन्नीने दगडाच्या आतल्या अंगाला खाचा पाडतात, त्या झिजल्या की दाणा भरडण्याऐवजी घसरतो. तिच्या लहानपणी टाकीवाले दारावर ओरडत यायचे. आता गावात कुणी येत नाही.

मधल्या काळात मी फोनवरच जमेल तेवढं करते आहे. ॲन्ड्रॉइडमध्ये आवाजावर काहीही प्रक्रिया न करता तो जसाच्या तसा घेण्याची सोय आहे, काही रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये ती सापडते. ती लावल्यापासून जातं परत आलं. सोबत फोनच्या माइकचा सूंही आला, पाऊस लांबवर पडत असल्यासारखा. तशा अकरा ओव्या माझ्याकडे आहेत. तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. कुणाकडे घरी जातं आणि ते फिरवणारं माणूस असेल, तर कृपा करून हे सेटिंग शोधा आणि उद्याच रेकॉर्ड करा, चांगल्या मशीनची वाट पाहू नका. मी मात्र पाहणार आहे, आणि फोनवर घेतही राहणार आहे.

दवाखान्यातल्या आम्हा बारा जणींची भिशी आहे, महिन्याला तीन हजार. नऊ चिठ्ठ्या निघाल्या, तिघी उरलो आहोत. सिस्टर काकूंना मुलाची फी भरायची आहे म्हणून या महिन्याची त्यांना आपणहून दिली. पुढची, कार्तिकातली, माझी ठरली. ३६ हजार. त्यात एफ३ येईल. बाकीची आरडी माघात सुटते, तिच्यात माइक.

काल रात्री हे सगळं मोठी आईला फोनवर सांगितलं. बटण एकदा दाबलेलं असावं, कारण तिने एकदाही 'काय?' म्हटलं नाही. मग तिच्याकडची बातमी सांगितली. काटोलच्या बाजारात एक टाकीवाला भेटला, म्हातारा आहे, दिवाळी झाली की येतो म्हणाला.

"तुई ते मशीन पुरी कधी येते?"

"माघात, मोठे आई."

"मंग मी दोन पायल्या तूर बाजूला ठेवते. तुया बापाले सांगून ठेव, चक्कीवर नको धाडू म्हणा."