घोडबंदर रोडवरचा ट्यूनर: आधी तार, मग मेमरी

मागच्या नोंदीत मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेला स्टिरिओ रिसीव्हर चालू होऊन स्पीकरमधून आवाज आला, इथपर्यंत आलो होतो. सेट १२० व्होल्टचा आहे, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, त्याचं पुराण पुन्हा लावत नाही. या वेळी फक्त ट्यूनर, म्हणजे रेडिओ पकडणारा भाग.

अमेरिकेत एफएम स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि सगळी विषम दशांशावर बसवलेली असतात: ८८.१, ८८.३ असं करत १०७.९ पर्यंत. माझा सेट तेवढ्याच जागी थांबत होता. त्यामुळे मुंबईची ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३, १००.७, १०७.१ ही मंडळी बिनतक्रार लागली आणि घरात जे हवं होतं ते विविध भारतीचं १०२.८ तेवढं राहिलं. १०२.७ वरून पुढे गेलं की थेट १०२.९. दोन्हीकडे निवेदकाचा प्रत्येक ‘स’ फाटलेला. १०४.० चंही तेच. मिडियम वेव्हवर तर आणखी गंमत. तिथे आपल्याकडे ९ किलोहर्ट्झची पायरी, अमेरिकेत १० ची. अस्मिता वाहिनीचं ५५८ ऐकायला सेट ५६० देतो, म्हणजे निभावतं. पण आकाशवाणी मुंबईच्याच १०४४ साठी १०४० वर बसावं लागतं, आणि चार किलोहर्ट्झ बाजूला बसून माणसाचा आवाज ओळखू येत नाही.

ही पायरी बदलायची सोय बऱ्याच सेटमध्ये असते. काहींच्या पाठीमागे छोटा स्विच, काहींमध्ये सेट बंद करून ठरावीक बटणं दाबून धरत पुन्हा चालू करायचा. काही अमेरिकन मॉडेलमध्ये मात्र काहीच नसतं, म्हणून जुना सेट विकत घेण्याआधी मॅन्युअलमधला ट्यूनरचा भाग वाचाच; पॉवर किती वॉटची ते नंतर बघा. माझ्यात बटणांचा प्रकार निघाला. आता एफएम ०.१ ने आणि मिडियम वेव्ह ९ ने सरकते. पायरी बदलली की मेमरी पूर्ण पुसली जाते, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी.

१०२.८ नीट लागलं, तरी आवाज थोडा मंद, पांघरुणातून आल्यासारखा. कारण डी-एम्फसिस. एफएममध्ये वरचे सूर चढवून पाठवतात आणि रिसीव्हर ते तेवढेच उतरवतो. त्याबरोबर वाटेत मिसळलेली खरखरही उतरते. किती उतरवायचं त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. माझ्या सेटमध्ये पायरी बदलली तरी हे माप बदललं नाही, ते आतल्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीवर ठरतं. परिणाम असा की आपला उतार ३१८३ हर्ट्झच्या आसपास सुरू व्हायला हवा, तो २१२२ पासूनच सुरू होतो आणि वरच्या टोकाला साधारण साडेतीन डेसिबल जास्त कापले जातात. दोन्ही चॅनलचे कपॅसिटर दोन-तृतीयांश किमतीचे बसवले की प्रश्न मिटतो. पण चालत्या ट्यूनरच्या बोर्डावर डाग द्यायचं मन होत नाही. ट्रेबल किंचित वर ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर गाण्यांमध्ये आता फरक जाणवत नाही.

आता तारेकडे, म्हणजे अँटेनाकडे, कारण सगळा खेळ इथे आहे. आमची इमारत घोडबंदर रोडला, पश्चिमेला येऊरचे डोंगर, आणि मुंबईची स्टेशनं डोंगरापलीकडे. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, डोंगराआड तिची सावली पडते आणि समोरच्या इमारतीच्या टॉवरवर आपटून परत येणारी लहर मूळ लहरीत मिसळते. म्हणून सिग्नलची पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि तरी आवाज चिरकतो. पट्टीवर विश्वास ठेवू नका. ५५८ ची लहर मात्र ५३७ मीटरची, तिला येऊरचं काही वाटत नाही.

सेटबरोबर टी आकाराची चपटी ३०० ओहमची तार मिळते, ती कपाटामागे कोंबलेली असते असं मी बहुतेक घरांत पाहिलंय. तिची जागा तिथे नाही. मी साधा डायपोल केला. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की लांबी मीटरमध्ये येते. मधली १०० धरली तर १.४३ मीटर, म्हणजे दोन बाजूंना सुमारे ७१ सेंटिमीटरच्या दोन तारा. तिथून केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ थेट सेटच्या सॉकेटमध्ये. डायपोल बाजूंनी ऐकतो, टोकांकडून जवळपास बहिरा असतो. याचा उपयोग उलटा करायचा: स्टेशनकडे रोखण्यापेक्षा टोक त्या टॉवरकडे वळवायचं. खिडकीच्या पट्टीवर तार थोडी तिरकी केली आणि १०२.८ चा चिरकेपणा गेला. त्याच जागी ९३.५ थोडं बिघडलं. एका तारेत सगळी स्टेशनं सारखी खूश होत नाहीत, त्यामुळे तार कोणासाठी लावायची ते आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते आईने ठरवलं.

मध्ये केबलवाल्याकडचा सिग्नल वाढवणारा बूस्टरही लावून पाहिला. १०२.३ वर एक स्टेशन उगवलं, ज्यात दोन निवेदक एकमेकांवर बोलत होते. ९८.३ ची दुप्पट, वजा ९४.३, बरोबर १०२.३. बूस्टर ताणला गेला की असे भुताचे आवाज तयार होतात. शिवाय मुंबईची बरीच खासगी स्टेशनं ०.८ च्या अंतरावर असल्यामुळे काही भुतं थेट खऱ्या स्टेशनावरच बसतात: ९३.५ ची दुप्पट वजा ९२.७ करा, उत्तर ९४.३. तिथे कळतही नाही, नुसतं स्टेशन खराब वाटतं. बूस्टर काढला, भूत गेलं.

उरलेल्या फुसफुशीवर मोनो हे औषध आहे. स्टिरिओची माहिती ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मुख्य आवाजाच्या वर बसवलेल्या वेगळ्या लहरीवर, जाते, आणि एफएममध्ये गोंगाट वरच्या बाजूला वाढत जातो, म्हणून कमजोर सिग्नलवर स्टिरिओ ऐकायची किंमत वीसेक डेसिबल पडते. रात्री दहाला ‘छायागीत’ लागतं तेव्हा तपासून पाहा: निवेदक थांबतो त्या मोकळ्या जागेत सगळं उघडं पडतं.

आता मेमरी. ऑटो प्रीसेट एकदाच चालवला, काय काय येतं ते बघायला. तो खालून वर जातो, जे जोरात येतं ते ओळीने कोंबतो आणि बूस्टर असताना त्याने ते भूतही प्रामाणिकपणे सेव्ह केलं होतं. मिडियम वेव्हला तो हातच लावत नाही. म्हणून सगळं हाताने: स्टेशन लावा, मोनो-स्टिरिओ ठरवा, मेमरी दाबा, आकडा लुकलुकतोय तोवर नंबर निवडा, पुन्हा मेमरी. माझा सेट मोनोची निवडही त्या नंबराबरोबर लक्षात ठेवतो; तुमचा ठेवतो का ते पाहा.

एक नंबर १०२.८, आईसाठी, मोनोत. तिला फ्रीक्वेन्सीशी देणंघेणं नाही, रिमोटवरचा एक दाबला की विविध भारती लागली पाहिजे. दोन १००.७ एफएम गोल्ड, तीन १०७.१ रेनबो. खासगी स्टेशनं त्यानंतर. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावता येतात. मग बातम्यांसाठी हात आकाशवाणीकडेच जाणार, तर ती पुढे का नको?

यादी कागदावर लिहून सेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. जुन्या सेटमध्ये मेमरी कपॅसिटरच्या जोरावर तग धरते, गावाला जाताना प्लग काढून ठेवला तर परत येईपर्यंत कोरी.

मिडियम वेव्हचं काम अर्धवट आहे. ५५८ जोरात येतं, पण हॉलमधले एलईडी दिवे लागले की त्यावर घरघर चढते. लूप अँटेना सेटपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून हात-दोन हात दूर नेली, फिरवून दिव्यांच्या बाजूला तिचा बहिरा कोन आणला, तेव्हा निम्मं कमी झालं. आता एकेक दिवा काढून खरा गुन्हेगार शोधायचाय.

आठ नंबर रिकामा ठेवलाय, मुंबई विद्यापीठाच्या १०७.८ साठी. कम्युनिटी रेडिओला सहसा १०० वॉटपर्यंतच प्रभावी शक्ती मिळते, आणि विद्यापीठाचं कलिना इथून डोंगराच्या चुकीच्या बाजूला. अजून नुसती फुसफुस. भांडुप-मुलुंडकडे कोणाला घरच्या सेटवर ते लागत असेल, तर तार कुठे आणि कोणत्या दिशेला बांधली तेवढं कळवा.