महागडा रायटर आणि परत आलेला मास्टर

सीडी छापणाऱ्या कारखान्यातून मास्टर, म्हणजे सगळ्या प्रती जिच्यावरून निघतात ती मूळ सीडी, परत आला तेव्हा बुवा स्टुडिओतच बसले होते. साल 2004. नाट्यपदांचा अल्बम, पाडव्याला प्रकाशन ठरलेलं, पत्रिकाही वाटून झालेल्या. पाकिटावर एका ओळीचा शेरा होता: सी-2 एरर, नवीन मास्टर पाठवा.

बुवांनी तीच सीडी प्लेअरवर लावायला सांगितली. नांदीपासून भैरवीपर्यंत कुठे खट्ट नाही. "अगं, वाजतेय की छान! मग बिघडलंय काय?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. सीडीवरचा एक सेकंद 7350 फ्रेममध्ये कापलेला असतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये गाण्याच्या 24 बाइटबरोबर चुका दुरुस्त करायला आणखी 8 बाइट असतात. पहिल्या टप्प्यावर सापडतात त्या सी-1 चुका. सेकंदाला सरासरी 220 पर्यंत त्या मानकालाही चालतात. तिथे न सुटलेल्या चुका दुसऱ्या टप्प्याकडे जातात, त्या सी-2. तिथेही सुटल्या नाहीत तर प्लेअर आजूबाजूचे आकडे बघून अंदाजाने भर घालतो आणि कानाला बहुतेक वेळा पत्ता लागत नाही. घरी ऐकायला एवढं पुरतं. कारखान्यात मात्र असा अंदाजाचा आकडा साच्यात गेला, की गणपतीच्या साच्यातल्या चिरेसारखा प्रत्येक प्रतीत उतरतो. म्हणून ते धोका पत्करत नाहीत, आणि माझ्या मते बरोबर करतात.

तो मास्टर रात्रपाळीच्या मुलाने साध्या रायटरवर (सीडी लिहायच्या यंत्रावर), नाव नसलेल्या कोऱ्या सीडीवर 52एक्सने, म्हणजे वाजण्याच्या 52 पट वेगाने, मारला होता. मुलगा हुशार, पण लवकर संपलं म्हणजे चांगलं झालं अशी त्याची समजूत. आमच्या धंद्यात ती फार पसरली होती.

स्टुडिओचे मालक, आमचे सर, त्यांचा निकाल तयार होता: "ब्रँडेड रायटर आणू, प्रश्न मिटला." आमचा स्टुडिओ गिरगावात. लॅमिंग्टन रोडला माणूस पिटाळला आणि दुपारी प्लेक्स्टरचा प्लेक्सरायटर प्रीमियम टेबलावर आला. किंमत साध्या रायटरच्या तिपटीच्या आसपास.

यंत्र देखणं होतं, पण मला हवा होता तो त्याच्यासोबतचा क्यू-चेक, म्हणजे चुका मोजणारा प्रोग्राम. लिहिलेली सीडी परत घाला, की सी-1 आणि सी-2 चा आलेख समोर. तोवर आम्ही 'वाजली म्हणजे झाली' यावर मास्टर पाठवत होतो. परत आलेली सीडी घातली. आतल्या बाजूला रेषा शांत होती आणि बाहेरच्या कडेकडे चढत गेली होती. सी-2 सगळे भैरवीत. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. 52एक्सला चकती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि कडेला लेझरखालून सर्वांत वेगाने सरकते. शेवटचं गाणं बरोबर तिथेच येतं.

सरांनी सांगितलं होतं एकच काम: नव्या रायटरवर मास्टर मार. मी त्याआधी ताडून पाहिलं. कपाटात तायो युदेन या जपानी कंपनीच्या थोड्या कोऱ्या सीडी जपून ठेवल्या होत्या. बिननावाची सीडी प्लेक्स्टरवर 52एक्सने मारली: सी-2 कमी झाले, गेले नाहीत. मग तायो युदेन जुन्या साध्या रायटरवर 16एक्सने मारली. आलेख जवळजवळ सपाट, सी-2 एकही नाही. शेवटी तीच सीडी, तोच वेग, प्लेक्स्टरवर. थोडी आणखी चांगली. खरंच थोडीच.

सर म्हणाले, "म्हणजे पैसे पाण्यात?"

"नाही सर. पण तुम्हाला वाटलं त्यासाठी ते गेले नाहीत."

कोऱ्या सीडीच्या खाचेत तिच्या बनावटीचा संकेत आधीच कोरलेला असतो. तायो युदेनचा 97:24:01. रायटर तो वाचतो, आपल्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे यंत्रातच भरलेल्या प्रोग्राममधल्या, यादीत शोधतो आणि लेझर किती तापवायचा, किती वेळ, ते ठरवतो. चांगल्या कंपनीने यादीवर मेहनत घेतलेली असते, पैसे तिथे लागतात. सीडी यादीत नसेल तर महागडा रायटरही अंदाजावर चालतो. बाजारात तर एकाच वेष्टनाच्या दोन गठ्ठ्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघे आणि दुकानदार शपथेवर सांगे, "सेम आहे मॅडम." सेम नसे.

उलट टोकाचे लोकही मला पटत नाहीत. 'जितकं हळू तितकं उत्तम' म्हणणारे रेकॉर्डिस्ट मी पाहिलेत. वेगासाठी बनवलेल्या सीडीचं रसायन फार हळू लिहिल्यानेही बिघडतं. मधला वेग शोधावा लागतो, आणि तो मोजल्याशिवाय सापडत नाही.

संध्याकाळी मास्टर मारला: डिस्क-ॲट-वन्स (अख्खी सीडी एका दमात), 16एक्स, बर्न-प्रूफ बंद. हे शेवटचं मुद्दाम. बफर, म्हणजे लिहायच्या डेटाचा रायटरमधला तात्पुरता साठा, रिकामा झाला तर बर्न-प्रूफ लेझर थांबवतो आणि पुढे जोड देतो. डेटाला ते वरदान आहे, पण मास्टरमध्ये मला जोड नको. आलेखाची छापील प्रत पाकिटात घातली. या वेळी कारखान्याने काही विचारलं नाही, आणि पाडव्याला सीडी बुवांच्या हातात होत्या.

पुढच्या महिन्यात मी चांगल्या कोऱ्या सीडींची मागणी लिहिली. सरांनी कागद परत केला: "एवढा महाग रायटर घेतला ना? आता सीडी साध्याच वापर." मी आलेख पुन्हा समोर ठेवले. ते म्हणाले, रायटर एकदाच घ्यायचा, सीडी रोज लागतात. हिशेब त्यांचा चुकीचा नव्हता. शेवटी असं ठरलं: मास्टर फक्त प्लेक्स्टरवर आणि फक्त तायो युदेनवर, ऐकायला द्यायच्या प्रती जुन्या रायटरवर मिळेल त्या सीडीवर. साधा रायटर आणि चांगली सीडी यांवरच सगळं भागलं असतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. कारण भागलं की नाही ते दाखवणारा आलेखही त्या महागड्या यंत्रानेच काढला होता.