पिन तुटलेली, तरी ऑगर फिरत होता

पंचवीस वर्षांहून जुना असा दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ आत ओढून दूर फेकणारे यंत्र, मी विकत घेतला, तेव्हा त्याच्या मालकांनी दोन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या होत्या. इंजिन चोक ओढून धरल्याशिवाय चालत नाही, आणि मागचे दोन हिवाळे यंत्र कोपऱ्यात उभे आहे. तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण तो दोष आहे असे त्यांना वाटतच नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी दुपारपर्यंत मलाही तशी शंका आली नव्हती.

सकाळी काम सुरू केले ते इंजिनापासून. चोक सोडला की इंजिनाचा आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, आणि चौथ्या-पाचव्या हेलकाव्याला ते बंद पडायचे. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, याची ही ठरलेली खूण होय. चोक हवा अडवतो म्हणून तेवढ्यापुरते प्रमाण जुळते आणि इंजिन तग धरते. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे लाखेसारखा चिकट थर उरतो. त्यात इथेनॉल मिसळलेले असेल तर ते पाणीही ओढून घेते. कार्ब्युरेटरचा पेट्रोल साठवणारा पेला उतरवला तर तळाशी हे दोन्ही सापडले: तपकिरी राळ आणि पांढरट बुरशीसारखी पूड. पेला धरून ठेवणारा जो नट असतो, तोच या जुन्या कार्ब्युरेटरांत मुख्य जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाचे, काम करतो, आणि त्याच्या आट्यांजवळ केसाएवढे आणखी एक भोक असते. मोठे भोक साफ करून समाधान मानणारे पुष्कळजण या लहान भोकाकडे पाहतच नाहीत. मी वायरमधली तांब्याची एक तार काढून ते उघडले, सगळे मार्ग कार्ब्युरेटर क्लीनरने धुतले, पेल्याचे गॅस्केट नवे घातले. स्पार्क प्लग बदलून त्याची फट ०.७५ मिलीमीटर ठेवली, ऑइल बदलून ५डब्ल्यू-३० भरले. एअर फिल्टर शोधण्यात मात्र दहा मिनिटे वाया गेली. बर्फाच्या यंत्रांच्या इंजिनांना तो बहुधा नसतोच, कारण उडणाऱ्या बर्फाने तो गोठून बसला असता, आणि हिवाळ्यात धूळही नसते. दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले आणि चोक पूर्ण सोडूनही एका लयीत चालत राहिले.

इथेच थांबलो असतो तर दिवस सोपा गेला असता. पण पुढचा भाग पुसताना उजव्या बाजूच्या ऑगरवरच्या, म्हणजे बर्फ कापून आत ओढणाऱ्या पिळदार पात्यावरच्या, बोल्टकडे लक्ष गेले. त्याच्या डोक्यावर सहा रेषा कोरलेल्या होत्या, म्हणजे तो अतिशय कठीण पोलादाचा होता. त्या जागी मुळात शिअर पिन असते, आणि ती मुद्दाम मऊ धातूची करतात. ऑगरचे पोकळ नळकांडे शाफ्टवर सैल बसवलेले असते आणि दोघांना जोडते ती एवढी एक पिनच. दगड, वीट, गोठलेले लाकूड असे काही आत अडकले की पिन तुटावी, ऑगर थांबावा आणि शाफ्ट आत नुसता फिरत राहावा, अशी ती योजना आहे. नाहीतर तो सगळा धक्का गिअरबॉक्सला बसतो. तिथे इम्पेलरच्या (बर्फ बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, ब्राँझचे दातेरी चाक फिरवतो आणि त्याच्या साधारण दहा फेऱ्यांना ऑगरची एक फेरी होते. ऑगर एकाएकी अडला तर मागून इंजिन लोटत असते आणि मध्ये सापडतात ते याच ब्राँझच्या चाकाचे दाते. मी मालकांना फोन करून विचारले. ते सहज म्हणाले, की पिना सारख्या तुटायच्या म्हणून एका बाजूला चांगला मजबूत बोल्ट घातला, दुसऱ्या बाजूची पिन मात्र मूळचीच आहे आणि इतक्या वर्षांत एकदाही तुटलेली नाही.

ती न तुटणारी पिन पाहायला मी डाव्या बाजूला आलो. पिनेचे डोके जागेवर होते. दोन बोटांनी ओढताच ते हातात आले. पिन कधीच तुटलेली होती आणि तिचा मधला तुकडा शाफ्टच्या भोकात अडकून राहिला होता. तरीही सकाळी क्लच दाबून पाहिला तेव्हा दोन्ही ऑगर बरोबरीने फिरले होते. अर्थ एकच होता: डाव्या ऑगरचे नळकांडे गंजाने शाफ्टशी एकजीव झाले होते. उजवीकडे जे काम कठीण बोल्टने केले होते, तेच इकडे गंजाने कोणाला न कळता केले होते. यंत्र चालत होते, बर्फ फेकत होते, आणि गिअरबॉक्सला दोन्हीकडून कसलेच संरक्षण नव्हते. मी ताबडतोब गिअरबॉक्सचे बूच उघडून तार आत बुडवून पाहिली. तेलाला ब्राँझची चमक नव्हती, म्हणजे दाते अजून शाबूत होते. हे नशीबच म्हणायचे.

उजवी बाजू अर्ध्या तासात सुटली. डावीने तीन संध्याकाळी घेतल्या. प्लगची वायर काढून ठेवून मी नळकांड्याच्या दोन्ही टोकांत आणि पिनेच्या भोकात गंज सोडवणारे तेल सोडत राहिलो, हॉट एअर गनने नळकांडे तापवत राहिलो (पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत पेटवायची माझी तयारी नव्हती), शाफ्ट पाइप पान्यात पकडून ऑगर पुढे-मागे हलवत राहिलो. ऑगरच्या पात्यावर हातोडा मारण्याचा मोह झाला, पण पाते वाकले तर सरळ होत नाही. तिसऱ्या संध्याकाळी कोरडा कर्र आवाज झाला आणि ऑगर केसभर सरकला. त्यानंतर तो सुटायला फार वेळ लागला नाही. आतून निघालेल्या गंजाने ओंजळ भरली असती. नळकांड्यावर ग्रीसचे निपल होते, पण रंगाच्या थराखाली गाडलेले. त्यात कित्येक वर्षांत कोणी ग्रीस भरलेले नसावे. शाफ्ट पॉलिश पेपरने घासला, निपल मोकळे केले, आणि पिना न घालता ऑगर हाताने फिरवत दोन्हीकडे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारला. हे काम दर हंगामापूर्वी पिना काढूनच करावे लागते, नाहीतर ग्रीस एकाच बाजूला साचते. मग दोन्हीकडे कंपनीच्याच मापाच्या नव्या शिअर पिना घातल्या.

पहिल्या मोठ्या बर्फात, रस्ता साफ करणाऱ्या गाडीने दाराशी लोटलेल्या ढिगात यंत्र घातले, आणि दोन-तीन मीटर गेल्यावर खट् असा आवाज येऊन डावा ऑगर थांबला. उजवा फिरतच होता. इंजिन बंद केले, सगळे फिरायचे थांबू दिले, प्लगची वायर काढली आणि मग लाकडी दांड्याने आत टोचले, कारण इंजिन बंद असले तरी पट्ट्यात राहिलेला ताण अडथळा निघताच पाती झटक्याने फिरवू शकतो, आणि तिथे हात घालून बोटे गमावलेले लोक आहेत. आत एक गोठलेले पायपुसणे होते, बहुधा आमचेच. ते निघाल्यावर पंच लावून दोन ठोके मारले. पिनेचा मधला तुकडा अलगद बर्फात पडला, आणि नवी पिन घालून पुढचा ढीग काढायला घेतला.