गेम ही कला आहे का? माझ्यासाठी तरी आहे

रॉजर एबर्टसारख्या मोठ्या अमेरिकन सिनेसमीक्षकाने २०१० मध्ये सरळ लिहिलं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाही, आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने पॅकमॅन, टेट्रिस वगैरे १४ गेम संग्रहात घेतले, तेही डिझाइन म्हणून, पण ते जाऊ दे, म्युझियमचा शिक्का लागतोच कशाला.

२००५ चा 'शॅडो ऑफ द कोलोसस' घ्या. अख्ख्या गेममध्ये फक्त १६ राक्षस, बाकी ओसाड माळरान, तुम्ही आणि तुमचा घोडा. राक्षसाच्या अंगावरच्या केसांना धरून लटकायचं, बटण दाबून ठेवायचं, हाताची ताकद संपत आली की तो अंग झटकतो आणि आपली बोटं खरंच दुखायला लागतात. शेवटी तलवार खुपसली की तो हळूहळू कोसळतो, आणि संगीत विजयाचं नाही, चक्क शोकाचं वाजतं. बिचारा काही न करता उभा होता, मारलं मी, माझ्या बोटाने! सिनेमात खून दुसरा कोणीतरी करतो हो, इथे ते पाप आपल्याच हातून घडतं, आणि पुढच्या राक्षसाकडे घोडा वळवताना माझा हात अजूनही अडखळतो.