उठवत नाही, जेववत नाही, बोलवत नाही

‘नैराश्यासाठी ऑनलाइन समुपदेशन करता, ते ठीक. पण दोन भाषांची ही सरमिसळ कशाला? कुठलीतरी एकच धरा ना.’ विचारणारे दोन टोकांचे असतात. काहींना वाटतं, मराठी आली की शास्त्र पातळ होतं. काहींना वाटतं, इंग्रजीत बोलणारा स्वतःपासून पळतोय. दोघांनाही एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं ते देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर.

नैराश्यातला माणूस ‘मी उठत नाही’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मला उठवत नाही.’ जेववत नाही, बोलवत नाही, फोनसुद्धा उचलवत नाही. इच्छा कितीही असो, अंगातून ते होत नाही, हे सांगायला मराठीनं क्रियापदाचं वेगळं रूपच ठेवलंय. इंग्रजीत त्याचं ‘आय कान्ट’ होतं आणि त्यात ‘येत नाही’पासून ‘करायचं नाही’पर्यंत काहीही मावतं. मग वर्तन-सक्रियता, म्हणजे छोट्या कृती ठरवून पुन्हा हालचाल सुरू करणं, हे काम चुकीच्या आकारात सुरू होतं. ‘उठवत नाही’ म्हणणाऱ्याला अर्ध्या तासाचं चालणं नेमून देऊन उपयोग नसतो. अंथरुणावर बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे, दोन मिनिटं. एवढं झालं की त्या दिवसाचं काम झालं.

आता मराठीचीही खोट सांगते. ‘वाटतं.’ सीबीटीत, म्हणजे विचार तपासून बदलायच्या उपचारपद्धतीत, विचार आणि भावना वेगळ्या लिहायच्या असतात, आणि आपण दोन्हींना ‘वाटतं’च म्हणतो. ‘मला वाटतं मी कुचकामी आहे’ हे भावनेच्या रकान्यात जातं आणि तिथंच बसून राहतं, कारण भावना खरी की खोटी असं कोण तपासणार? म्हणून प्रश्न दोन तुकड्यांत विचारावा लागतो: ‘मनात काय आलं?’ आणि मग ‘ते आल्यावर कसं वाटलं?’ विचार ज्या भाषेत आला त्याच भाषेत लिहायचा. ‘आय ॲम अ फेल्युअर’ मनात इंग्रजीत आलं असेल तर त्याचं मराठी करू नये, आणि ‘तुला काही जमत नाही’चं इंग्रजी तर मुळीच करू नये. त्यातलं ‘तुला’ महत्त्वाचं. माणूस स्वतःला ‘तू’ म्हणतोय म्हणजे आवाज बहुतेक दुसऱ्या कुणाचा तरी आहे. इंग्रजीत उतरवलं की बोचरेपणा कमी होतो, ‘किती खरं वाटतं?’ला नव्वदच्या जागी पन्नास टक्के उत्तर येतं, आणि समुपदेशक खूश. गुण भाषांतराचा असतो, उपचाराचा नाही.

पण हा सगळा वाद खऱ्या अर्थानं कळतो तो नवव्या प्रश्नाशी. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. दहापासून मध्यम, विसापासून तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. पुढचा प्रसंग कुणा एकाचा नाही. या कामात तो इतक्यांच्या बाबतीत घडतो की कुणाचाच राहत नाही.

फॉर्म सत्राआधी लिंकवर भरलेला असतो, इंग्रजीत, कारण स्क्रीनवर इंग्रजी वाचायची सवय. बेरीज १३. नवव्यापुढे शून्य. सत्रात झोप, काम, एकाग्रता यांवर नीटनेटकं इंग्रजी चाललेलं असतं. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास घरचा विषय निघतो आणि वाक्याच्या मध्यावर भाषा फिरते: ‘अँड देन आय जस्ट... कंटाळा आलाय हो सगळ्याचा.’ इथं नवखा समुपदेशक पुढे निघून जातो, कारण कंटाळा काय, कुणालाही येतो. थांबायचं ते ‘सगळ्याचा’पाशी. ‘सगळ्याचा म्हणजे जगण्याचाही?’

शांतता. समोरासमोर बसलेलं असताना ती कुणाची हे कळतं. इथं नेट अडकलंय की माणूस, ते ठरवावं लागतं. घाईनं ‘माझा आवाज येतोय का?’ विचारलं की दार बंद. आधी पापण्या, खांदे पाहायचे. चित्र हलत असेल तर ती शांतता त्यांची आहे, आपण भरायची नाही.

‘तसं काही नाही. पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. रोजच.’

मग फॉर्मवर शून्य का? ‘ते स्वतःला इजा करण्याबद्दल होतं ना? मी काही करणार नाहीये.’ प्रश्नाचे दोन भाग आहेत, मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. इंग्रजीत भराभर वाचताना दुसराच डोळ्यांत भरला. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

इथून पुढे आडवळण नको. ‘काही उलटसुलट विचार येतात का?’ असं विचारलं की समोरच्याला कळतं, यांना ऐकायचं नाहीये. ‘आत्महत्या’ हा शब्द उच्चारायचा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. किती वेळा येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आजवर कशानं थांबवलं. आणि मग हेच पुन्हा इंग्रजीत, कारण काहींचा बेत तिथं रचलेला असतो. दोन्हींतलं जे उत्तर जास्त गंभीर, ते खरं धरायचं.

नेमका याच वेळी कॉल तुटतो. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ‘आत्ता कुठे आहात?’ विचारतात; नोंदणीतला पत्ता नव्हे, त्या क्षणाचा. जवळच्या एका व्यक्तीचा नंबर आणि त्या भागातल्या आणीबाणी सेवेचा नंबर हाताशी हवा. कॉल तुटला तर फोन समुपदेशकानंच करायचा, आणि तो लागला नाही तर पुढे कुणाला, किती मिनिटांनी, हे पहिल्याच सत्रात लेखी ठरलेलं हवं. ज्यांचा बेत पक्का आहे, त्यांना केवळ स्क्रीनच्या भरवशावर ठेवायचं नसतं. त्याच दिवशी प्रत्यक्ष मदत लागते. सुरक्षा-योजनाही त्यांच्याच शब्दांत लिहायची: धोक्याच्या खुणा, स्वतः करता येण्यासारखं, कुणाशी बोलायचं, कुठली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. रात्री तीन वाजता ‘रीच आउट’ कुणी वाचत नाही. ‘ताईला फोन कर. कारण सांगू नकोस, नुसतं बोल’ हे वाचतात.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे मराठीच बरी. मीही पूर्वी तेच ठासून सांगत असे. आधाराला पुरावाही होता: कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये इंग्रजी नंतर शिकलेल्या तुर्की भाषकांच्या त्वचेचा विद्युत-प्रतिसाद (भावना उसळली की तो वाढतो) मोजला, तेव्हा लहानपणी ऐकलेल्या दटावण्या तुर्कीत जास्त झोंबत होत्या. ठीक. पण जास्त झोंबणारी भाषा बोलायलाही जास्त अवघड, हे तेव्हा ध्यानात घेतलं नाही. लैंगिक अत्याचार, आईवडिलांवरचा राग, मूल नकोसं वाटणं, हे मराठीत उच्चारताच ऐकणारं सगळं घर मनात गोळा होतं. इंग्रजीत ते घर नसतं. ‘बोलून बरं करणं’ या उपचाराला ‘टॉकिंग क्युअर’ हे नाव दिलं ते व्हिएन्नात डॉक्टर योसेफ ब्रॉयरकडे १८८०मध्ये आलेल्या बर्था पापेनहाइम या रुग्ण तरुणीनं, आणि तेही इंग्रजीत. मातृभाषा जर्मन, पण त्या आजारात ती काही काळ बोलताच येईना. तिला कुणी ‘जर्मनमध्येच बोल’ म्हटलं असतं तर?

तरी आतून खात्री नाहीच. इंग्रजीत सांगून झालेलं दुःख खरंच सांगून झालं का, की नुसतं इंग्रजीच्या हवाली झालं? कधी दहाव्या सत्रात तीच गोष्ट मराठीत पुन्हा सुरुवातीपासून येते. कधी येतच नाही, तरीही पीएचक्यू-९चे गुण १७वरून सहावर उतरतात आणि तिथं टिकतात.

बाकीचं थोडक्यात. पीएचक्यू-९ दर आठवड्याला भरू नये, कारण ती मागच्या दोन आठवड्यांचं विचारते. स्वतःचं चित्र लपवावं. नैराश्यात स्वतःचा चेहरा पन्नास मिनिटं पाहणं ही शिक्षा आहे. हेडफोन आपल्या सोयीसाठी नव्हे, भिंतीपलीकडच्यांच्या कानांवर काही जाऊ नये म्हणून. औषधांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात, आणि ती मनानं बंद करू नयेत, हे दोन्ही भाषांत सांगावं.

राहिल्या नोंदी. त्या बहुधा इंग्रजीत लिहिल्या जातात, आणि ‘जेववत नाही’चं ‘भूक कमी’ होऊन बसतं. भूक असते, घास उचलवत नाही. म्हणून मूळ शब्द अवतरणचिन्हांत तसेच ठेवायचे. पुढचा डॉक्टर मराठी वाचणारा नसला तर खाली समजावून दोन ओळी लिहायच्या, आणि त्या दोन ओळींतही पुन्हा ‘आय कान्ट’च येतं.