जाहिरातीत दिसतात ते फक्त दोन हात

अमेरिकेतल्या शार्लटला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. निवडणूक जवळ आली की इथं टीव्हीवर दर दहा मिनिटांनी जाहिरात, आणि मराठी घरात चार लोक जमले की वाद ठरलेलाच. परवा मित्राकडे मिसळीला गेलो होतो, तो म्हणाला, अरे या जाहिरातीत वंशाचं नाव तरी घेतलंय का, तुम्हाला उगाच सगळीकडे तेच दिसतं. म्हणून मी त्याला आमच्याच राज्यातली, नॉर्थ कॅरोलायनातली, १९९० ची एक जुनी जाहिरात फोनवर लावून दाखवली.

त्यात चेहरा नाहीच. चौकड्याच्या शर्टातले एका गोऱ्या माणसाचे दोन हात, हातात नोकरी नाकारल्याचं पत्र, आणि मागून आवाज येतो की ही नोकरी तुला हवी होती, लायकही तूच होतास, पण कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. मग ते हात पत्र चुरगाळतात. सिनेटर जेसी हेल्म्स यांची ही जाहिरात, मतदानाच्या अगदी तोंडावर आलेली, आणि त्यांच्यासमोर उभे होते हार्वी गँट, शार्लटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. हेल्म्स जिंकले.

मित्र लगेच म्हणाला, मग कोट्यावर बोलायचंच नाही का, आपल्याकडे आरक्षणावर रोज भांडतात की! त्याचा मुद्दा मला अगदीच चुकीचा वाटत नाही. धोरणावर भांडा ना, जरूर भांडा. पण त्या वर्षीच्या ज्या नागरी हक्क विधेयकावरून हे चाललं होतं त्यात कोटा नाहीच असं ते मांडणारे सांगत होते, आणि गँट म्हणजे कोण, तर १९६३ साली कोर्टात लढून साउथ कॅरोलायनातल्या क्लेम्सन कॉलेजमध्ये शिरलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, पुढे आर्किटेक्ट झालेला. ज्याला कातडीमुळे दार बंद होतं त्यालाच दुसऱ्याची नोकरी पळवणारा म्हणून उभं केलं, याचा मला खरंच राग येतो.

त्याआधी १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डुकाकिस यांच्याविरुद्ध आलेली विली हॉर्टनची जाहिरात तर प्रसिद्धच आहे. हॉर्टन हा जन्मठेपेचा कैदी मॅसॅच्युसेट्समधल्या तुरुंगातून वीकेंडच्या सुट्टीवर सुटला, परत आला नाही आणि भयंकर गुन्हे केले, हे सगळं खरं होतं. पण ती सुट्टीची योजना १९७२ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात सुरू झालेली, आणि पडद्यावर डुकाकिसांसोबत दाखवायला फोटो निवडला तो या एका कृष्णवर्णीय कैद्याचा. माहिती खोटी नसतानाही निवड बोलते, एवढंच मी मित्राला परत परत सांगत होतो.

तरी तो ऐकेना, तेव्हा वहिनी आतून पाव घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पुण्यात आपण फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता तेव्हा तुम्हीच लिहिलं होतंत ना, फक्त शाकाहारी कुटुंबालाच. त्यात तरी जातीचं, धर्माचं नाव कुठं होतं? पण कुणी फोन करायचा नाही ते सगळ्यांना बरोबर कळलं होतं.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ती हातांची परत लाव, या वेळी आवाज बंद करून.